उंबऱ्याचं तबक

सुताराच्या दुकानात बसायची सवय एकदा लागली की सुटत नाही. चहा येतो, कोणीतरी मोडकी खुर्ची घेऊन येतं आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातं. खुर्ची दुरुस्त होऊन जाते, किस्सा मात्र तिथंच राहतो!

मी चित्रकलेचा मास्तर. निवृत्त झालो आणि शेवगावात बबन मिस्त्रींच्या दुकानात लाकडावर नक्षी कोरत बसू लागलो. आता तिथं सगळं प्लायवूडचं काम चालतं. लाकूड कातायच्या लेथवर ताडपत्री पडलीय आणि खरं सांगतो, मला ती बघवत नाही. त्या लेथवर शेवटचं काम झालं ते एका तबकाचं. त्या एकाच तबकाचे इतके किस्से आहेत की विचारू नका.

झालं होतं असं, की बबनरावांनी दुकानामागचं जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. जामखेडला दिलेल्या थोरल्या बहिणीला, सुमनआक्काला, विचारलं नाही. आक्का माहेरी आली तर घराच्या जागी मातीचा ढीग! "तुझ्या नव्या घरात मी पाय ठेवनार न्हाई," म्हणाली आणि आल्या पावली परत गेली. त्यानंतर भाऊबीज आली की बबनराव दुकान उघडून रंधा मारत बसायचे. कारण विचारलं की म्हणायचे, "अर्जंट ऑर्डर हाय." कसली डोंबलाची ऑर्डर!

एका दसऱ्याला त्यांनी जुन्या घराचा सागवानी उंबरा अडगळीतून ओढून काढला.

"सर, ह्याचं ओवाळणीचं तबक करू. मी कातून देतो, तुमी नक्षी काढा. आक्काला बोलवतो."

"आणि नाही आली तर?"

"मग तुमीच ओवाळा मला!"

*

पहिली अडचण कापण्याचीच. सुतार फळी पायाखाली दाबून धरतो आणि करवत चालवतो. बबनरावांनी करवत घेतली, पाय उचलला आणि तो हवेतच राहिला.

"उंबऱ्यावर पाय कसा द्यायचा हो सर?"

मला म्हणाले, तुम्ही द्या. माझाही पाय पुढे होईना. शेवटी शेजारच्या गॅरेजमधून सलीमला हाक मारली. तो हात पुसत आला, चप्पल काढली, पाय उचलला आणि हळूच खाली ठेवला.

"मिस्त्री, आमच्या अम्मीनं उंबऱ्यावर कधी बसू पन न्हाई दिलं. दुसरं कायबी काम सांगा!"

मग त्यानंच ट्रकचा जॅक आणला. भिंत आणि जॅक यांच्यात उंबरा घट्ट दाबून बसवला, तेव्हा कुठे करवत चालली. एका तबकासाठी ट्रकचा जॅक लावणारं सुताराचं दुकान मी तरी दुसरं पाहिलं नाही.

*

दुसरी अडचण खिळ्यांची. लेथवर फिरणाऱ्या लाकडात खिळा राहिला तर पटाशीची धार तर जातेच, डोळाही जायचा. आणि हा उंबरा म्हणजे खिळ्यांचं वारूळ! घरात काही वाईट झालं की यांची आई उंबऱ्यात एक खिळा ठोकायची.

बबनराव एकेक उपटत होते आणि ओळख करून देत होते.

"ह्यो माझ्या गोवराचा. ह्यो म्हशीनं दूध चोरलं तवाचा. ह्यो आक्काचं लगीन जमंना तवाचा, ह्याच्यानं लगेच जमलं बगा."

एक बोटाएवढा जाड खिळा काही केल्या हलेना, शेवटी तेवढा तुकडा कापूनच काढायचं ठरलं. मी विचारलं, "हा कशाचा?"

"ह्यो वडलांच्या दारूचा," बबनराव पक्कड टाकत म्हणाले. "लागू पडला न्हाई."

*

या सगळ्यात गिऱ्हाइकांचे हाल! एक पाटील टीव्ही युनिटसाठी रोज चक्कर मारायचे. बबनराव रोज सांगायचे, "लाकूड वाळतंय."

एक दिवस पाटलांनी दुकानात डोकावलं. त्यांची प्लायवूडची शीट जशीच्या तशी भिंतीला टेकलेली, आणि बबनराव तबकाच्या काठाला बोटानं तेल चोळत बसलेले.

"मिस्त्री, प्लायवूड कधीपासून वाळवाया लागलात?"

बबनरावांनी मान वर केली नाही. "पाटील, तुमची बहीण तुमच्याशी बोलती का?"

"बोलती की."

"मग तुमाला घाई कशाची?"

पाटील बाहेर जाऊन सगळ्यांना चहा सांगून आले. त्यानंतर त्यांनी युनिटचं नावच काढलं नाही.

*

तबक गोल झालं, गुळगुळीत झालं आणि माझ्याकडे आलं. मी मधोमध मोर कोरला. चांगला पिसारा फुलवला! सलीम बघून म्हणाला, "सर, कोंबडा एक नंबर जमलाय."

मी जाम भडकलो. मोडून टाकतो म्हणालो. बबनरावांनी तबक माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या सर. आमच्या आईनं मोर कुठं पाळले हुते? कोंबड्याच पाळल्या."

मी पटाशी घेतली आणि पिसारा थोडा आखूड केला.

*

भाऊबीजेला आक्का आली. आली म्हणजे अंगणापर्यंत! एसटीतून उतरून चालत आली, पिशवी खांद्यावर, आणि दारासमोर उभी राहिली. दाराला गुळगुळीत ग्रॅनाईट, उंबरा नाहीच. बबनरावांची बायको पाणी घेऊन बाहेर आली, आक्का उन्हातच उभी राहून प्यायली.

बबनरावांनी तबक आणून तिच्या हातात दिलं. आक्कानं मोर पाहिला, काठावरून हात फिरवला, मग तबक उलटं केलं. तळाला बबनरावांनी रंधा लावला नव्हता. तिथं हळदीकुंकवाचा लालपिवळा डाग लाकडात पार मुरलेला होता.

आक्काचे डोळे भरले. मग एकदम कडाडली, "बबन्या, आईच्या उंबऱ्याचं ताट केलंस व्हय रं? मग मी आत यायचं कुठून?"

मी तर शेजारी उभ्या असलेल्या सलीमच्या मागे सरकलो.

बबनराव पुढे झाले. तिच्या हातातून तबक घेतलं आणि वाकून दाराच्या मधोमध, ग्रॅनाईटवर ठेवलं. आक्कानं पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी काढली. तबकाच्या काठाला दोन बोटं लावली, हात जोडले, निऱ्या सावरल्या आणि उजवा पाय उचलून ते ओलांडून आत गेली.

आम्ही सगळे बाहेर, ते तबक दारात आणि आक्का आत. तेवढ्यात आतून आवाज आला, "आरं, उचला की आता ते! ओवाळायला ताट नको का मला?"