डाव्या पायाला विचारून

कान्हे गावचा गोरख मेकॅनिक गाडी आली की आधी बॉनेट उघडत नाही, तोंड उघडतो. गाडी कोण चालवतं, कुठल्या चढावर रडते, सकाळी बरी असते की दुपारी, असं उलटसुलट विचारून समोरच्याचं डोकं खातो. उत्तर नीट आलं नाही तर चहा पाजून घरी पाठवतो. माणूस गुणी, पण जिभेला हाड नाही. मीही काही कमी नाही, म्हणून आमचं जमतं.

मी सविता, मळवलीची. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा दुबळा राहिला. माझे वडील भिकाजी ज्या बंगल्याची राखण करायचे, तिथल्या अनघाताई मुलाकडे परदेशी कायमच्या राहायला गेल्या. जाताना आपली जुनी परदेशी गाडी त्यांनी वडिलांना देऊन टाकली. वडिलांची मजल सायकलपर्यंतच. पण त्या गाडीला क्लच नव्हता, गिअर आपले आपण पडायचे, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. बंगल्याच्या आवारात मी गाडी शिकले आणि एक दिवस फाटकाबाहेर काढली. त्याआधी मला कुठं जायचं तर कुणाची तरी मनधरणी करावी लागायची. आता मी भाजे गावापासून वलवणपर्यंतच्या बंगल्यांना जेवणाचे डबे पोचवते, आणि कुणाला 'नेशील का' म्हणत नाही.

गेल्या दिवाळीनंतर गाडी बिघडली. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाता जाईना. इंजिन नुसतं बोंबलायचं आणि मग मागून लाथ बसावी तसा हिसका यायचा. डब्यातली आमटी बंगल्यात कमी आणि डिकीत जास्त पोचू लागली. लोणावळ्यातल्या एका गॅरेजवाल्याने चक्कर मारून निकाल दिला की गिअरबॉक्स गेला, असले भाग आता मिळत नाहीत, भंगारात घाला. धाकटा भाऊ ओंकार म्हणाला, कशाला जिवाला घोर लावून घेतेस, कुठं जायचं असेल तिथं मी बाइकवरून सोडत जाईन. तो अगदी मनापासून बोलला. पण मला फाटकाशी बसून कुणी येतंय का बघणारी लहानपणची मी आठवली, आणि रडू आलं. दुसरी गाडी घ्यायची माझी ऐपत नव्हती.

शेवटचा उपाय म्हणून गाडी गोरखकडे नेली. त्याचे सगळे प्रश्न झाले. मग त्याने गाडी तापू दिली आणि इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी काढली. तेल कमी होतं. लोणावळ्यात तर तेल पुरेसं आहे असं सांगितलं होतं, म्हणून मी वाद घातला. त्याने समजावलं की इंजिन बंद करून पाहिलं की सगळं तेल खाली उतरतं आणि भरल्यासारखं दिसतं. पण गाडीखाली तर थेंबही नव्हता. गोरख तिथंच उकिडवा बसून गाडीखालची जमीन बोटाने चाचपू लागला. तेल गेलं कुठं ते त्यालाही उमगेना, त्यामुळे माझा धीरच सुटला.

मग तो उठला आणि म्हणाला, "गाडी तुमीच चालवा. मी शेजारी बसतो. डावा पाय गाडीत काय करतो तुमचा?"

मला राग आला. "काय करणार? बसतो."

"मग त्याला कामाला लावा. चप्पल काढा, पाय सपाट टेकवा. माझे पाय क्लच मारून मारून निबर झालेत, कान हातोड्यानं गेलेत. तुमचा पाय ह्या गाडीत इतकी वर्सं रिकामा बसलाय. ह्या गाडीला त्याच्याइतकं कोन वळखतंय?"

पोलिओने पायातली ताकद नेली, पण स्पर्श नेला नाही. त्या पायाची कीव सगळ्यांनी केली. त्याला काय कळतं, हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

गावाबाहेरच्या चढावर मी गाडी घातली. एक गिअर सुटून दुसरा पकडताना मध्ये पायाखाली पोकळ वाटतं की घट्ट, एवढंच गोरखला हवं होतं. पहिल्यांदा मला काही सांगता येईना. त्याने परत फिरवायला लावलं, पुन्हा फिरवायला लावलं. हळूहळू मी रस्ता डोळ्यांनी आणि गाडी तळव्याने बघू लागले. पत्र्याखाली काहीतरी ताणत चाललं होतं.

"घट्ट हाय," मी म्हणाले. "लय घट्ट. सुटतच न्हाई. ताणत जातं नि मग एकदम बसतं. पोकळ जरा बी न्हाई."

"मग गिअरबॉक्स जित्ता हाय," गोरख म्हणाला.

गिअर पकडणाऱ्या आतल्या चकत्या झिजल्या असत्या तर मध्ये इंजिन पोकळ पळालं असतं. इथं उलट कुणीतरी गिअर नको तितका दाबून धरत होतं. गॅरेजात परत आल्यावर त्याने गाडी उचलली आणि गिअरबॉक्सच्या कडेला बसवलेली छोटी डबी दाखवली. तिच्यातून रबराची बारीक नळी इंजिनाकडे जाते. इंजिनावर किती जोर पडतोय ते या नळीतल्या हवेच्या ओढीवरून गिअरबॉक्सला कळतं.

"खाचरातलं पानी उतरतंय, बांधावरनं तर जाताना दिसत न्हाई. मग आपन काय करतो?"

भातशेती करणाऱ्या घरातली मी, मला काय सांगायचं. पाण्यावर भाताचं तूस टाकायचं. ते जिकडं सरकेल तिथं बांधात खेकड्याचं बीळ.

"तूस म्हंजे आज तुमचा पाय," असं म्हणून त्याने नळी उपसली आणि माझ्या तळहातावर धरली. नळीत नुसती हवा असायला हवी होती. तिच्यातून लाल तेल ठिबकलं. डबीतला रबराचा पडदा फाटला होता. इंजिन त्या वाटेने तेल ओढून जाळत होतं, आणि गाडीमागून निघणाऱ्या पांढऱ्या धुराला मी थंडीतली वाफ समजत होते. पडदा फाटल्यावर गिअरबॉक्सला खरं काही कळेना, म्हणून तो कायम मोठा चढ असल्यासारखा जोर लावत बसला होता. एवढ्या मोठ्या गाडीला वेड लावणारी ती डबी माझ्या मुठीत मावत होती. मी थक्क झाले. या माणसाच्या डोक्याचं नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या पायाचंही.

मुंबईच्या जुन्या बाजारातून त्याने तशी डबी मिळवली, बसवली आणि तेल भरलं. गाडी घेऊन मी निघाले तेव्हा चप्पल काढलेलीच होती. कामशेतच्या पुढे मी हिसक्याची वाट बघत राहिले. तळव्याखाली जरासं काहीतरी हललं, सतरंजीवर कुणी कूस बदलावी इतकंच, आणि गाडी तिसऱ्यात गेली. हिसका आलाच नाही. डोळे भरून आल्यामुळे मला गाडी हळू करावी लागली.

मळवली स्टेशनाशी ओंकार लोकलमधून उतरून रिक्षाची वाट बघत उभा होता. मी त्याच्यापुढे गाडी थांबवली आणि दार उघडलं.

"बस," मी म्हणाले. "कुठं जायचंय? सोडते तुला."