दह्याचं मडकं आणि अकरा पाटे

मिस्त्रीशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, आणि त्यापायी आमच्या अख्ख्या घराला आठवडाभर कढी प्यावी लागली.

नामांतराच्या मोर्चांचे ते दिवस. परभणीजवळच्या झरी गावची आमची शेती मोठा भाऊ बघायचा आणि मी त्याच्या कामात लुडबुड करायचो. अशातच एका लिलावात मी जुनी विलायती पिकअप उचलली. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. पाय जरा दाबला की दावं तोडलेल्या खोंडासारखी उधळायची. पुढून राजबिंडी, पण मागं माल नसला की साध्या खड्ड्यावर पार्श्वभाग हातभर वर फेकायची. गावानं तिचं नाव 'लाथाळ' ठेवलं. ती घेतली तेव्हा घरात माझ्या बाजूनं बोलली ती एकटी माय. "घिऊ द्या त्याला. नांगर तर धरता येत न्हाई, चाक तरी धरू द्या."

त्याच वर्षी माय ओसरीवरून घसरली, कमरेला मार बसला आणि चार महिने अंथरुणाला खिळली. पडल्या पडल्याच तिनं पोखर्णीच्या नरसिंहाला बोलून ठेवलं होतं, की पायावर उभी राहिले की दर्शनाला येईन. उभी राहिली. पण सरळ फार वेळ बसवेना; गाडीच्या हौद्यात गादी घालून आडवंच न्यावं लागणार होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "एक जोराचा हादरा बसला, तर पुन्हा अंथरूण." आणि माय तर हटूनच बसलेली, "जाईन तर माझ्या लेकाच्याच गाडीत."

मी लाथाळ घेऊन परभणीला गेलो. ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं जिंतूर रस्त्याला गॅरेज होतं. त्यांनी गाडीखाली डोकावून मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, पाहिल्या आणि विचारलं, "मालक, मागं वजन किती टाकणार?"

खरं उत्तर होतं, एक माय, एक गादी, एक नारळ. पण बाकड्यावर चार ओळखीचे शेतकरी चहा पीत बसले होते. आमच्याकडं माणूस स्वतःला एक वेळ दुबळा म्हणवून घेईल, पण आपली बैलजोडी अन् आपली गाडी कमी ओढते असं चारचौघांत कबूल करणार नाही. मी म्हणालो, "दोन टन तर कुठंच गेलं न्हाई."

बाकड्यावरून "वा!" आली. मिस्त्रींनी सात पाट्यांच्या जागी अकरा चढवले. हादरे जिरवणारे शॉकप्सर जुने, तेल गळून मेलेले होते. ते बदलू का म्हणाले. मी म्हटलं, "काढून टाका. मालाच्या गाडीला कशाला लाड?"

घरी आलो तर बायकोनं दारातच अडवलं. "अवो, आत्यांना गाडीत घालायच्या आधी हे मडकं घाला." तिच्या हातात काठोकाठ विरजलेलं, सुरीनं कापावं असं दही. "परभणीला जाऊन माघारी या. दही मोडलं न्हाई तर आत्या जातील."

मी मडकं गादीवर ठेवून गेलो आणि आलो. दही मोडलं नव्हतं; त्याचं ताक झालं होतं, वर लोण्याचे कण तरंगत होते. बायको म्हणाली, "रवीची मेहनत वाचली बघा." माय खाटेवरून हसली, पण हसताना तिनं कंबर धरली, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गॅरेजात. बाकडं रिकामं आहे याची खात्री करूनच खरं सांगितलं. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! अम्माला न्यायचंय अन् मला दोन टन सांगितलं?" त्यांनी सहा पाटे काढले, पाच ठेवले. "पण शॉकप्सर पाहिजेतच."

आता मला बढाईचं नाही, शहाणपणाचं भूत चढलेलं. म्हटलं, पाटे नरम झाले, आता काय उरलं? तसाच निघालो. या वेळी गाडी नावेसारखी झाली. एक खड्डा गेला की पुढच्या फर्लांगभर मागचा भाग आपला डोलतोय. मडकं कलंडलं, गादीला आंबट वास लागला आणि चुलीवर पुन्हा कढी चढली.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्री हसले नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाले, "पाटा म्हणजे बैल. शॉकप्सर म्हणजे येसण. येसण न्हाई तर बैल थांबेल कसा?" त्यांनी दोन जोड्या पुढ्यात टाकल्या. मी लगेच जाड, काळाकुळीत ट्रकचा जोड उचलला.

"उभा धरा. दाबा," मिस्त्री म्हणाले.

दोन्ही हातांनी दाबला, मग पोट टेकवून दाबला. जागचा हलला नाही.

"तुमच्यानं दबत न्हाई, तर अम्माच्या वजनानं काय दबणार?" त्यांनी जीपचा बारका जोड माझ्या हातात दिला. तो दाबला की सावकाश आत जायचा, सोडला की तितकाच सावकाश बाहेर यायचा. निवडायला अक्कल लागते असं वाटलं होतं. लागलं फक्त खरं वजन.

त्या संध्याकाळी मडकं परत आलं, तेव्हा दह्यावर बायकोनं बोटानं काढलेली खूण जशीच्या तशी होती.

गुरुवारी माय गादीवर आडवी झाली, बायको तिच्या उशाशी बसली. सहा सिलिंडरचं ते इंजिन मी परभणी ओलांडून पोखर्णीपर्यंत असं नेलं की वाटेत एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. गाडीवान वळून ओरडला, "मालक, ढकलू का?" मी हातानंच त्याला पुढं जा म्हणून खुणावलं. दर खड्ड्याला माझाच जीव कमरेत यायचा. मागून हूं की चूं नाही. ती गप्प का, या विचारानं मी वेग आणखीच कमी केला.

देवळापाशी गाडी थांबवली आणि धावत मागं गेलो. बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. माय तोंड उघडं टाकून घोरत होती.

हात लावला तशी जागी झाली, आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. वैतागून म्हणाली, "आरं, उन्हं आली डोक्यावर! निघणार कवा?"