आमच्या घरचे टायटॅनियम

घरात एक संशोधक असला की किस्से जमवावे लागत नाहीत. तांदळातल्या खड्यांसारखे ते आपोआप हाती लागतात. आमची सून वैशाली नाशिकच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने पीएच.डी.साठी विषय निवडला : आम्लात टायटॅनियम कसे टिकते?

मी निवृत्त शिक्षिका. कामाचा हिशेब रोज विचारायची सवय!

"आज विरघळले का?"

"नाही हो, आई!"

"मग दिवसभर केलेस काय?"

*

त्या धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो आणि तोच त्याला आम्लापासून वाचवतो, हे तिने मला समजावले. विजेचा दाब बदलला की पापुद्र्याचा रंगही बदलतो. पुढे मेन रोडवर साडी घेताना ती तंद्रीत म्हणाली, "तीस व्होल्टचा निळा दाखवा."

दुकानदार अदबीने म्हणाला, "ताई, लाइटचं सामान समोर मिळतं!"

*

खंडेनवमीला प्रयोगशाळेतील उपकरणांची पूजा झाली. उत्साहाच्या भरात वैशालीच्या सहकाऱ्यांनी तिने घासूनपुसून ठेवलेल्या टायटॅनियमच्या नमुन्यांनाही हळदकुंकू लावले! दुसऱ्या दिवशी सगळे आलेख बिघडले. ती रडकुंडीला आली. तिचे मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "देवाला वाहिलेलं परत घेऊ नये. नवीन घास!"

*

प्रबंध अर्ध्यावर असताना माझे यजमान अंगणात घसरले. मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी टायटॅनियमची सळई बसवायचे ठरवले.

वैशाली म्हणाली, "पीएच.डी. राहू दे. बाबांजवळ मी थांबते."

हे खाटेवरून गरजले, "तुझा धातू माझ्या पायात, आणि तूच मैदान सोडणार? मग मी कुणाच्या भरवशावर उभा राहू?"

सकाळी मी तिचा डबा भरला आणि तिला प्रयोगशाळेत धाडले.

*

शस्त्रक्रियेनंतर सर निफाडची द्राक्षे घेऊन भेटायला आले.

"दुखतं का?"

"दुखतं. पण गंजत नाही!"

*

अखेर तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. ती सर्वांना खुली होती. हे काठी टेकत आले आणि माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत बसले.

बाहेरगावचे परीक्षक मोठे कडक होते. "बाई, तुमचं सगळं काचेच्या भांड्यातलं. माणसाच्या शरीरात हा धातू टिकतो, याचा पुरावा?"

वैशाली घाईघाईने प्रबंधाची पाने उलटू लागली.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. यांनी काठी माझ्या हातात दिली आणि एकेक पाऊल टाकत, कशाचाही आधार न घेता, ते थेट परीक्षकांच्या टेबलापर्यंत गेले.

"पुरावा हजर आहे, सर! फक्त बसायला सांगू नका, परत उठायला काठी लागेल!"