गोळ्यावरचा पांढरा पट्टा

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माझ्या अक्षराला आणि शुद्धलेखनाला हसू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली. नंतर लिहिल्या त्या सामानाच्या याद्या.

ग्लासगोत मी दोन घरं साफ करते. एका घरी ऐंशीच्या पुढचे आजोबा एकटे राहतात. त्यांचे वडील महायुद्धात लढाऊ जहाजावर तोफेपाशी होते. घरात शेकोटीशेजारी त्या तोफेचा एक लांबट, टोकदार गोळा उभा असे, माझ्या गुडघ्याच्या वर येईल एवढा. आतली दारू कधीच काढलेली. मोठ्या तोफांचे गोळे माझ्याएवढे उंच असत म्हणे.

मला बोलायला संकोच वाटतो, पण मी ऐकते. ते सांगत, साधा गोळा जहाजाच्या पोलादी चिलखतावर आपटून बाहेरच फुटतो. म्हणून या गोळ्याच्या टणक टोकावर वेगळ्या पोलादाची टोपी बसवलेली. चेचली जाते ती टोपी. टोक शाबूत राहून आत शिरतं, आणि स्फोट क्षणभर थांबून होतो. "बेल न वाजवता थेट स्वयंपाकघरात," ते म्हणत.

आपल्यामागे गोळा भंगारात जाऊ नये म्हणून त्यांनी तो एका लहान म्युझियमला द्यायचं ठरवलं. तिथल्या बाई मंगळवारी बघायला येणार होत्या. आदल्या दिवशी आजोबा फिरायला गेले होते. मला वाटलं, पाहुण्यांपुढे वस्तू स्वच्छ असावी. गोळ्याच्या तळाशी तांब्याचं रुंद कडं होतं, हिरवट पडलेलं. लिंबू-मीठ लावून चोळलं, तर घागरीसारखं लखलखलं. वर टोकाजवळ एक पांढरट पट्टा आणि काही पुसट डाग होते. भिंत रंगवताना उडाले असतील म्हणून तारेच्या घासणीने तेही काढले.

आजोबा आले आणि कोट न काढताच खुर्चीत बसले.

"ते डाग नव्हते. कारखान्याच्या खुणा होत्या. गोळा कुठला, कशासाठी, ते त्यावरून कळायचं." मग वाकून गोळ्यावरून हात फिरवत म्हणाले, "शत्रूला जमलं नाही ते एका घासणीने केलं." हसले, पण हात त्या रिकाम्या जागेवरच होता.

घरी मुलीला सांगितलं. ती इथेच जन्मलेली.

"आई, तू तोफेची गोळा घासली? लाइक, भांड्यासारखं?"

"घासला म्हण. मग काय, पाहुण्यांना तसाच दाखवायचा?"

"ओ माय गॉड, आई!"

म्युझियमच्या बाई म्हणाल्या, खुणांशिवाय हा मांडता येणार नाही. जुना फोटो असेल तर त्यावरून रंगवणारा माणूस आहे, पण चारशे पौंड घेईल, आणि तेवढे आमच्याकडे नाहीत. आजोबा म्हणाले, राहू दे मग. त्यांनी गोळ्याकडे पाठ केली.

मी म्हटलं, "पैसे तुम्ही आत्ता भरा आणि दर आठवड्याला माझ्या पगारातले वीस कापा." त्या घरात मी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य.

त्यांनी पैसे भरले, पण कापले नाहीत. मी वीसची नोट शेकोटीच्या फळीवर ठेवली. पुढच्या आठवड्यात ती तिथेच होती, मी दुसरी ठेवली. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही उचललेल्या दिसल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रेघा.

आजोबांच्या वडिलांचा या गोळ्याशेजारी काढलेला जुना फोटो निघाला; त्यावरून रंगवणाऱ्याने पट्टा आणि अक्षरं पुन्हा काढली. गोळा म्युझियमला गेला. मुलीबरोबर जाऊन पाहिला. काचेजवळच्या कार्डावर खाली लिहिलंय, खुणा अलीकडे नव्याने रंगवलेल्या आहेत. मुलीने ते वाचून दाखवलं आणि मला कोपराने ढोसलं.

आजोबांच्या घरी गोळ्याच्या जागी फरशीवर गोल काळा डाग राहिला होता. मी फडकं घेऊन वाकले.

"तो नको," आजोबा घाईने म्हणाले. "तो राहू दे."

मी डाग सोडून पुसलं.

विसाव्या आठवड्यात शेवटची नोट फळीवर ठेवली. आजोबांनी उठून विसावी रेघ मारली, सगळ्या रेघा पेन्सिलीच्या टोकाने मोजल्या आणि म्हणाले, "फिटले."