मितूचा वास

रूपालीचा वास गेला तेव्हा मितू पोटात होती. ताप आला, उतरला, आणि दुसऱ्या दिवशी वरणाला फोडणी पडल्याचं तिला नुसत्या आवाजावरून कळलं. येईल परत, असं सगळेच म्हणाले. मितू जन्मली, रांगली, बोलायला लागली, तरी वास आला नाही. स्वतःच्या लेकराच्या टाळूचा वास कसा असतो, हे रूपालीला कधी कळलंच नाही.

ती हिमायतनगरला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. नवरा प्रज्ञेश कुकटपल्लीच्या एका कारखान्यात सुपरवायझर, घरही तिकडेच. सासू चतुराबाई देगलूरकडची. नवरा वारल्यावर लेकाकडे राहायला आली होती, दिवसभर मितूला तीच सांभाळायची.

मितूचं अंगावरचं दूध सुटलं, त्याच सुमारास एका आयुर्वेदिक दवाखान्यात वास गेलेल्या लोकांवर औषधाची चाचणी सुरू झाली. रूपालीने नाव दिलं. नाकात थेंब घालायचे होते. काहींच्या बाटलीत वनस्पतींचं औषध होतं, काहींच्या नुसतं तिळाचं तेल, आणि कुणाला काय मिळालंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरीच्या बाटल्या एकेक करून हुंगायच्या आणि हुंगताना तो वास आठवायचा.

"कुछ भी अलग लगा तो मेरेकू फोन करना," डॉक्टर श्रीवल्ली म्हणाल्या होत्या. "अच्छा हो या बुरा."

बरेच आठवडे काहीच झालं नाही. मग एका सकाळी लवंगेच्या बाटलीतून काहीतरी आलं. लवंग नव्हती ती, जळक्या रबरासारखं काहीतरी होतं. पण होतं. रूपाली बाटली हातात धरून रडली.

त्यानंतर चहा नासका लागायला लागला. कांदा परतला की तिला गॅलरीत जावं लागायचं. आणि एका संध्याकाळी घरात उंदीर मेल्याचा वास आला. तिने प्रज्ञेशला कपाट ओढायला लावलं. मागे धुळीशिवाय काही नव्हतं.

"मला तर काही येईना," तो म्हणाला.

"उंदीर मेला असता तर मला कळलं नसतं?" चतुराबाई म्हणाली.

तेवढ्यात मितू पळत आली आणि आईच्या पायाला बिलगली. वास तिच्या केसांतून येत होता.

लेकराला काही रोग जडला, हेच रूपालीच्या मनात आधी आलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, घरी लसीचं निमित्त सांगून ती मितूला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी कान पाहिले, नाक पाहिलं, दात पाहिले. पोरगी ठणठणीत होती. म्हणजे खोट आपल्याच नाकात आहे, हे रूपालीला कळलं. पण ते सांगणार कुणाला? आपलं लेकरू आपल्याला सडल्यासारखं वाटतं, असं कुठल्या आईने बोलून दाखवलेलं तिने ऐकलं नव्हतं.

दवाखान्यातून चौकशीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बरं आहे. वास यायला लागलेत." खरं सांगितलं तर चाचणीतून काढतील आणि सुरू झालंय तेही थांबेल, अशी तिला धास्ती होती.

मग ती मितूला सारखी आंघोळ घालायला लागली. कामावर जाण्याआधी, आल्यावर, झोपण्याआधी. साबण बदलले. जवळ घेताना ती श्वास धरायची आणि मान वळवायची. मितूच्या पाठीवर कोरडे लाल चट्टे उठले. प्रज्ञेशने विचारलं तर म्हणाली, "उन्हाळा आहे ना."

एका रविवारी चतुराबाई अंबाडी निवडत बसली होती. मितू गॅलरीत बाहुलीला बादलीत बसवून भांड्याच्या घासणीने तिची पाठ घासत होती. "शी. घाण. तोंड तिकडं कर," ती बाहुलीला म्हणत होती.

रूपाली दारातच थबकली. चतुराबाईनेही ऐकलं होतं. तिने भाजी बाजूला सारली.

"रूपाली, बस इथं. लेकराला कामून इतकं घासायलीस?"

"घाम येतो, आई."

"मला बी नाक हाय."

गॅलरीतून खरडल्याचा आवाज येतच होता.

"मला तिचा वास सोसत नाही," ती शेवटी म्हणाली. "मेलेल्या उंदरासारखा येतो. तिच्यात काही नाही, मला माहीत आहे. पण येतो."

आता सासू मितूला उचलून देगलूरला नेणार, आणि आपल्याला नको म्हणायला तोंड उरणार नाही, असं रूपालीला वाटलं. चतुराबाई उठली, मितूच्या हातातली घासणी काढून घेतली, तिचे हात पदराने पुसले.

"आजपासून आंघोळ मी घालीन. तू जवळ घेताना नाक दाब, श्वास धर, काय करायचं ते कर. पर तोंड फिरवू नको. तिला तुझं तोंड दिसतंय. अन् उद्या त्या डॉक्टरणीकडं जाऊ."

डॉक्टर श्रीवल्लींनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्या रागावल्याच. तुम्ही बरं आहे म्हणालात, आम्ही तसंच धरलं असतं आणि पुढच्या रुग्णालाही काही त्रास होत नाही असंच सांगितलं असतं, असं त्यांनी सुनावलं. रूपालीने मान वर केली नाही. मग त्या समजावून सांगू लागल्या. मेलेल्या नसांच्या जागी नव्या नसा जुळायला लागल्या की वास असे उलटसुलट येतात. खूप जणांना होतं. कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि काहींचं जातही नाही. थेंब त्यांनी बंद केले, हुंगायच्या बाटल्या चालू ठेवल्या.

चाचणी संपल्यावर कळलं की रूपालीच्या थेंबांच्या बाटलीत नुसतं तेलच होतं.

"मग वास कशानं आला?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"हुंगण्यानं असेल, किंवा आपसूक. एकट्या तुमच्यावरून नाही ठरत."

चहा तिला अजून पिववत नाही. घरात कांदा दार लावून परततात. मितूच्या पाठीवरचे चट्टे गेले, पण बादली दिसली की ती बरेच दिवस आजीमागे लपायची. उंदराचा वास काही दिवस असायचा, काही दिवस नसायचा.

एके दिवशी दुपारी वीज गेली असताना मितू घामेजून रूपालीच्या खांद्यावर झोपली. रूपालीने सवयीने धरलेला श्वास सोडला आणि हळूच आत घेतला. काहीतरी आंबूस, कोमट आलं. ते खरं की तेही उलटं, हे तिला ठरवता येईना.

"आई, हिच्या डोक्याला कसा वास येतो?"

चतुराबाईने वाकून हुंगलं. "ताकावाणी. अन् जरा धुळीचा."

रूपालीने पुन्हा नाक टेकवलं. ताक कळलं. धुळीचं काही कळलं नाही. पण तिने मितूला खाली ठेवलं नाही.