जांभळाच्या सालीतला रंग

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, बाटलीच्या तळाशी साका बसावा तसे ते आपोआप साचतात. आमच्या धाराशिवच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जांभळाच्या दिवसांत तर लईच! जांभळाला रंग देणारी द्रव्यं मेंदूच्या पेशी जपत असतील का, यावर आमच्या सुलभा मॅडम काम करतात. मी शेजारच्या टेबलावर.

*

पहिल्याच वर्षी मॅडमनी सालीचा अर्क दोन नळ्यांत ओतला. एकीत लिंबू पिळलं, रस लालभडक झाला. दुसरीत खायचा सोडा टाकला, तर निळा होत होत हिरव्यावर गेला. शिपाई बशीरभाई चहा घेऊन आले होते, ते दारातच थांबले.

"मॅडम, खाल्ल्यावर आपल्या आतबी असंच व्हतं का?"

"आत काय होतं, तेच तर शोधतोय, भाई."

*

प्रयोगाला फक्त साल लागते. गर आम्ही संपवतो. असंच एकदा सगळे खात असताना प्राचार्य पांढराशुभ्र शर्ट घालून आत आले. आग्रह झाला, आणि पहिलंच जांभूळ खिशावर पडलं. ते रुमाल भिजवायला निघाले, तर मॅडम डागाकडं बघतच राहिल्या.

"सर, धुऊ नका. सॅम्पल फार सुंदर उतरलंय."

*

मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर कडक पहारा असतो, भल्याभल्या औषधांनाही आत सोडत नाहीत, असं मॅडम वर्गात सांगत होत्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र या रंगाचे कण, थोडे का होईना, आत पोचलेले दिसलेत. माणसाला त्याचा किती उपयोग, ते अजून नक्की नाही.

भूमच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमच्या बांधावरच्या जांभळाचे कणबी पोचत्यात का?"

"त्याचेही पोचू शकतील."

तिची एसटी निघायची वेळ झाली होती. ती उठलीच नाही.

*

तुळजापूरचे एक म्हातारे पुजारी विसराळूपणावर अर्काची बाटली मागायला आले. मॅडमनी समजावलं की हे औषध नाही, फळ आहे. डॉक्टरांकडं जा, आणि जांभळं आवडतात म्हणून खा.

पुजारी म्हणाले, "औषध नसंल तर नसू द्या. रंग तेवढा दाखवा."

*

मॅडमचे वडील, अण्णा, बेंबळी गावात शाळामास्तर होते. आता ते माणसं ओळखत नाहीत. पोटच्या लेकीला 'अहो बाई' म्हणतात. एका दुपारी घरी कुणी नव्हतं, म्हणून मॅडम त्यांना लॅबमध्येच घेऊन आल्या. खिडकीशी बसवून बशीभर जांभळं दिली, स्वतःही खात खात काम करत राहिल्या.

अण्णा एकेक बी टेबलावर ओळीनं मांडत होते. मधेच थांबले. मॅडमकडं टक लावून बघितलं आणि खणखणीत मास्तरी आवाजात म्हणाले, "जीभ दाखव."

मॅडमनी हातातली नळी खाली ठेवली. जीभ बाहेर काढली. पार जांभळी.

"सुले," अण्णा म्हणाले, "आज परत शाळा बुडवून झाडावर गेलतीस व्हय?"