न आवडलेली रेकॉर्ड

ते पेशानं न्हावी. स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही, म्हणून गिऱ्हाइकं त्यांना लाडानं गुळगुळीत काका म्हणायची, आणि काकाही त्या नावाला हसत ओ द्यायचे. दुकान एवढंसं, दोन खुर्च्यांचं. पण तिथे दिवसभर जाझ वाजायचं. हा नाद त्यांना लावला बोटीवरच्या एका खानसाम्यानं. नोकरी संपवून एका खोलीत राहायला जाताना त्यानं आपली रेकॉर्डची पेटी काकांच्या पुढ्यात आणून ठेवली. "त्या खोलीत मी राहू की ह्या?" म्हणाला.

काकांनी त्या झिजेपर्यंत वाजवल्या. साबणाच्या बोटांनीच बाजू बदलायची. फक्त एक त्यांना सोसवेना. "सॅक्सोफोन कसला, गळा दाबल्यासारखा ओरडतो," म्हणत त्यांनी ती तळाशी ठेवली ती कायमची.

पुढे काकूंना ऐकू कमी येऊ लागलं. चहा मागितला की चावी आणून द्यायच्या. आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग नातीचं बोलणंही कळेना, तेव्हा काकू चारचौघांत बसेनाशा झाल्या. कानाची चांगली यंत्रं आवाक्याबाहेरची होती.

सूनबाई म्हणाली, "बाबा, असल्या जुन्या रेकॉर्डचे लिलाव होतात म्हणे. दाखवून तर बघू."

काकांनी जड मनानं पेटी उचलली.

लिलाववाल्या बाई एकेक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघत होत्या. "काका, पहिल्या छापाची आणि कमी वाजलेली असेल तर किंमत येते. ह्या तुम्ही फार प्रेमानं ऐकल्यात. ह्यांना कोण विचारणार?"

शेवटी त्यांनी तळातली काढली आणि नीट सावरून बसल्या. "ही वाजवलीच नाही का?"

"एकदा वाजवली आणि कानाला खडा लावला!"

लिलावाच्या दिवशी दोन हौशी माणसं तिच्यासाठी इरेला पेटली. एकानं आकडा टाकला की दुसरा वर चढायचा. बोली थांबली तेव्हा त्या एका रेकॉर्डची किंमत दुकानाच्या वर्षभराच्या भाड्यापुढे गेली होती. सूनबाई रडत हसत होती. बाकीची पेटी कुणालाच नको होती. ती उराशी धरून काका वरातीतल्या नवरदेवासारखे घरी आले.

यंत्रं आली. दुसऱ्याच दिवशी नात आईच्या कानात कुजबुजली, "आजीला काही कळत नाही गं." पलीकडून काकू गरजल्या, "सगळं कळतंय हो मला!" आणि मग तिला जवळ घेऊन किती वेळ बोलत राहिल्या.

काकांना मात्र चैन पडेना. देणाऱ्याला सांगायलाच हवं. विचारत विचारत ते एका वृद्धाश्रमात पोचले. खानसामा खिडकीशी बसला होता. काकांनी सगळी हकीकत सांगितली, राहिलेले पैसे त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "तुझ्यामुळे आमची ही पुन्हा बोलती झाली. तुझे उपकार कसे फेडू?"

खानसाम्यानं पैसे परत काकांच्या खिशात कोंबले. "कसले उपकार? मलाही ती रेकॉर्ड कधी आवडली नव्हती!"

दोघं पोट धरधरून हसले. तेव्हापासून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी काका कात्री घेऊन तिथे जातात आणि सगळ्या म्हाताऱ्यांचे केस कापतात. काकूही बरोबर असतात. कापण्यापेक्षा गप्पाच जास्त होतात.